लष्करी रेडिओ ग्राहीचा विद्युत् पुरवठा

जुना लष्करी रेडिओ ग्राही त्याच्या मूळ रचनेत बदल न करता चालविण्याची विद्युत् योजना. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) असे अनेक ग्राही घरगुती विजेसाठी बनविलेले नव्हते. अमेरिकी बाँबफेकी विमानांत वापरलेल्या बीसी-३४८ या ग्राहीस विमानातील सु. २८ व्होल्ट एकदिश प्रवाह मिळे. निर्वात नलिकांचे तंतू याच पुरवठ्यावर तापत. धनाग्रांना लागणारा सु. २२० व्होल्ट दाब ग्राहीतीलच डायनामोटर हे फिरते यंत्र निर्माण करी. युद्धोत्तर शिल्लक साठ्यातून मिळालेल्या अनेक संचांतील डायनामोटर हौशी मंडळींनी काढून तेथे रोहित्र बसविले व तंतूंची जोडणीही बदलली. ग्राही बोलू लागला. मूळ रचनेचा पुरावा मात्र नष्ट झाला.

यापेक्षा पुरवठा बाहेर ठेवणे श्रेयस्कर असते. घरातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहापासून २८ व्होल्ट एकदिश प्रवाह देणारा स्वतंत्र संच मूळ जोडखोबणीतून जोडल्यास एकही तार कापावी लागत नाही. डायनामोटर सुरू होताना लागणारा मोठा प्रवाह देण्याची त्याची क्षमता असावी व त्यात वितळतार असावी.

किनाऱ्यावर, उदा., रेवदंड्यास, खाऱ्या दमट हवेने धातू गंजतो व निरोधन दुबळे होते. म्हणून ग्राही आधी स्वच्छ व कोरडा करून निरोधनाचा रोध मोजावा. गळके कागदी धारित्र बदलताना नवे जुन्याच कवचात बसवावे आणि बदलाची लेखी नोंद ठेवावी. पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत घातक विद्युत् भार उरू शकतो; तो काढल्याशिवाय आत हात घालू नये. केलेला बदल पूर्ववत करता येणे, ही जतनाची कसोटी होय.