एकच सुट्टी? आधी वार बघा

शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आल्यापासून कोरियन पाहुणे छत्रपती संभाजीनगरला नवे नाहीत. एक दिवस मोकळा मिळाला की त्यांना, आणि पहिल्यांदा येणाऱ्या कुणालाही, ‘अजिंठा-वेरूळ एका दिवसात उरका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, वेरूळ ३० किलोमीटर, तेही वेगळ्या रस्त्याला. शिवाय अजिंठ्यासाठी फर्दापूर फाट्यावर खासगी गाडी सोडून पुढचे ४ किलोमीटर बसने जावे लागते. लेण्यातल्या अंधाराला डोळे सरावून चित्रे दिसू लागतात तोच निघायची घाई होते. मुळात अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. वार न बघता गाडी ठरवली तर भाडे अंगावर पडते.

म्हणून दिवसा वेरूळ करावे, संध्याकाळ जुन्या शहराला द्यावी. अजिंठा हुकला तर आलो कशाला, हा आक्षेप रास्त आहे. चित्रांसाठीच आलेल्याने खुशाल वेरूळ सोडावे. बुद्धदर्शन मात्र वेरूळलाही घडते: दहाव्या लेण्यात, लाकडी वाटाव्यात अशा दगडी फासळ्यांच्या छताखाली. ‘जुन्या शहरातल्या गुलमंडी बाजारात फार गर्दी’ हेही खरेच. पण मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या शहराच्या गल्ल्या मोटारींसाठी थोड्याच होत्या! पैठण गेटला रिक्षा सोडावी, भाडे बसण्याआधीच ठरवावे. तिथे जेवताना नान-खलिया तिखट लागला, तर वरची तरी कमी घालायला सांगावी.