साथीच्या काळातील वैद्यकीय महाविद्यालय : जळगाव-धुळ्याचा धडा

वैद्यकीय महाविद्यालय हे एकाच वेळी शिक्षणसंस्था, रुग्णालय आणि वसतिगृह असते, आणि साथीच्या काळात या तिघांच्या गरजा परस्परांच्या विरोधात जातात. साथीमुळे वर्ग बंद करावे लागतात, त्याच साथीमुळे रुग्णालयात अधिक खाटा आणि अधिक मनुष्यबळ लागते, आणि वसतिगृहाच्या एकेका खोलीत दोघे-तिघे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरी पाठवावे की कामासाठी थांबवून घ्यावे, याचा निर्णय तर काही तासांत घ्यावा लागतो. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, खानदेशातील जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांसमोर हा पेच उभा राहिला. त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते : साथीत महाविद्यालय सुरू ठेवायचे की बंद, हा प्रश्न दुय्यम असतो, त्याच्या आवारात कोण, कोठून, कोणत्या वेळी आणि कोणाच्या जबाबदारीवर वावरतो, हा खरा प्रश्न असतो.

दोन जिल्हे, दोन स्थिती

साथ आली तेव्हा या दोन जिल्ह्यांत आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणाचा भार प्रामुख्याने चार महाविद्यालयांवर होता : धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचे खासगी महाविद्यालय, तसेच जळगावातील डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ही सर्व महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून, १९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या, म्हणजेच नर्सिंग, अशा सर्व शाखांच्या परीक्षा घेते. त्यामुळे परीक्षांचे वेळापत्रक नाशिकमध्ये ठरत असे, तर रुग्णांची गर्दी जळगाव-धुळ्यात होत असे, आणि या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी त्या त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांवर, म्हणजे डीनवर, येत असे.

दोन शासकीय महाविद्यालयांच्या स्थितीत मूलभूत फरक होता. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते, ज्या काळात विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवा करतो. शासकीय रुग्णालयांत रात्रंदिवस वॉर्डात उभे असणारे मनुष्यबळ म्हणजे हे आंतरवासी डॉक्टर आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर. धुळ्याच्या महाविद्यालयाला तीन दशकांची परंपरा असल्याने तेथे ही साखळी तयार होती. जळगावच्या महाविद्यालयाची पहिली तुकडी मात्र २०१८ साली दाखल झालेली असल्याने तिचे विद्यार्थी २०२३ पूर्वी आंतरवासी होणे शक्यच नव्हते. शिवाय जळगावात पूर्वीचे जिल्हा रुग्णालयच महाविद्यालयाला जोडले गेले होते, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जुन्या व्यवस्थेवर वैद्यकीय शिक्षण विभागाची नवी व्यवस्था बसवली जात असतानाच साथ येऊन धडकली. नव्या महाविद्यालयाच्या दारावर नावाची पाटी लागली म्हणजे जुन्या महाविद्यालयाइतके मनुष्यबळ त्याच्या पाठीशी आपोआप उभे राहत नाही, ही गोष्ट नियोजनाच्या वेळी सहज नजरेआड होते.

चाचणीचे अंतर

मार्च २०२० च्या मध्यापासून राज्यातील महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले. त्यासाठी शासनाने आधार घेतला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा, जो मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी करण्यात आला होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जळगावात पहिला रुग्ण आढळला. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर, म्हणजे बाधितांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण, राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट झाला आणि संपूर्ण देशाचे लक्ष या जिल्ह्याकडे वेधले गेले.

या काळात महाविद्यालयाच्या एका विभागाचे महत्त्व अचानक वाढले, तो म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग. एरवी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जिवाणू-विषाणू शिकवणाऱ्या या विभागाला आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभारावी लागली. या चाचणीत घशातील वा नाकातील स्रावातून विषाणूचा आरएनए वेगळा काढून त्याच्या प्रती यंत्रात वाढवतात आणि त्यावरून संसर्ग आहे की नाही हे ठरवतात. त्यासाठी केवळ यंत्र पुरत नाही. नमुना उघडण्यासाठी जैवसुरक्षा कक्ष, स्वतंत्र खोल्या आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. सुरुवातीला जळगावचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात; पुढे धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाल्यावर ते धुळ्याला जाऊ लागले, आणि त्यानंतर जळगावच्या महाविद्यालयाची स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली. हे अंतर केवळ किलोमीटरचे नव्हते. अहवाल येईपर्यंत रुग्ण ‘संशयित’ राहतो, त्याला बाधितांमध्ये ठेवता येत नाही आणि सामान्य वॉर्डातही ठेवता येत नाही. अहवालाला एक दिवस उशीर झाला की संशयितांच्या कक्षात आणखी एका दिवसाची गर्दी साचते आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनाही तो होण्याचा धोका वाढतो. म्हणून चाचणीची सोय आवारातच असणे हा संपूर्ण आवाराच्या नियोजनाचा पाया ठरतो.

आवाराची विभागणी आणि देखरेख

रुग्णालयाच्या आवाराची विभागणी करताना बाधित, संशयित आणि इतर आजारांचे रुग्ण यांचे मार्ग वेगळे करावे लागतात, आणि त्याच वेळी कर्मचाऱ्यांचे, जेवणाचे, कपड्यांचे, मृतदेहांचे व कचऱ्याचे मार्गही आखावे लागतात. बाधित कक्षात जाण्यापूर्वी संरक्षक पोशाख, म्हणजे पीपीई किट, चढवण्याची खोली आणि बाहेर पडताना तो उतरवण्याची खोली स्वतंत्र ठेवतात, कारण दूषित पोशाख उतरवताना संसर्गाची शक्यता मोठी असते. कोविडच्या जैववैद्यकीय कचऱ्यासाठी दुहेरी पिवळ्या पिशव्या आणि पृष्ठभागांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण अशी मार्गदर्शक तत्त्वे होती.

मात्र ही तत्त्वे कागदावरून खानदेशात उतरवताना हवामानाचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. अशा उन्हाळ्यात हवा न खेळणाऱ्या पोशाखात काही तास पाणीही न पिता काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची पाळी किती तासांची असावी, हा प्रश्न सोयीचा नसून सुरक्षिततेचा असतो, कारण थकलेल्या माणसाच्या हातून संसर्ग टाळण्याचे नियम मोडले जातात. खानदेशात घरोघरी आणि वॉर्डावॉर्डांत वापरल्या जाणाऱ्या कूलरचेही तसेच आहे. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत आणतो. खोलीच्या आत ठेवलेला कूलर मात्र खोलीतीलच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. हवेतून पसरणाऱ्या आजारात हा फरक निर्णायक ठरू शकतो, आणि तो समजण्यासाठी महागड्या यंत्रणेपेक्षा स्थानिक जाण अधिक उपयोगी पडते.

आवाराची विभागणी कितीही काटेकोर असली तरी प्रत्येक रुग्णाचा ठावठिकाणा माहीत असल्याशिवाय ती अपुरी राहते, हे जळगावने अत्यंत वेदनादायक रीतीने अनुभवले. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता असल्याचे सांगितल्या गेलेल्या एका वृद्ध महिला रुग्णाचा मृतदेह अनेक दिवसांनी तेथीलच स्वच्छतागृहात आढळला आणि अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. नातेवाइकांना प्रवेश नसलेल्या कक्षात रुग्णाची विचारपूस करणारे, त्याला स्वच्छतागृहापर्यंत नेणारे आणि तो परत आला की नाही हे पाहणारे घरचे माणूस नसते. म्हणून ते काम कोणाचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. प्रत्येक पाळीच्या प्रारंभी आणि अखेरीस खाटांप्रमाणे रुग्णांची मोजणी करणे हा साधा नियम अशा वेळी औषधाइतकाच आवश्यक असतो.

वर्ग, शवविच्छेदन आणि मोबाइलचे नेटवर्क

वर्ग बंद झाल्यावर व्याख्याने ऑनलाइन झाली, परंतु वैद्यकीय शिक्षणाचा फार थोडा भाग व्याख्यानांत सामावतो. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात देहदानातून मिळालेल्या मृतदेहाचे विच्छेदन करून अवयवांची ओळख करून घ्यावी लागते. पुढील वर्षांत रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून त्याची हकिकत विचारणे, पोट तपासणे, छातीचे ठोके ऐकणे हे शिकावे लागते. २०१९ च्या तुकडीपासून देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला होता, ज्यात विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर भर असतो. आणि नेमक्या त्याच तुकडीचे पहिले वर्ष टाळेबंदीत सापडले. ऑगस्ट २०२० मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने साथ व्यवस्थापन हा विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणला, ही या काळातील स्वागतार्ह घटना होती.

ऑनलाइन शिक्षणाची दुसरी मर्यादा भौगोलिक होती. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगररांगांत, यावल-रावेर आणि शिरपूरच्या आदिवासी पाड्यांपासून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, मोबाइलचे नेटवर्क अनेक ठिकाणी मिळतच नाही. त्या भागातून आलेला विद्यार्थी घरी परतला की वर्गापासून तुटतो. म्हणून ध्वनिमुद्रित व्याख्याने, कमी डेटा लागणारे साहित्य आणि परतल्यावर घ्यायच्या प्रात्यक्षिकांची निश्चित यादी, या तीन गोष्टी आधीच तयार असणे समानतेच्या दृष्टीनेही गरजेचे आहे.

परतीचा मार्ग

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. त्यात सहा फुटांचे अंतर, प्रवेशद्वारी तापमान तपासणी आणि वातानुकूलन २४ ते ३० अंशांदरम्यान ठेवणे अशा सूचना होत्या. २५ नोव्हेंबर २०२० च्या पत्राने केंद्राने राज्यांना १ डिसेंबरपर्यंत वैद्यकीय महाविद्यालये सुरू करण्यास सांगितले. या परतीत सर्वांत नाजूक जागा वर्गखोली नसते. वर्गात मास्क लावून बसणारे विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत आणि मेसच्या टेबलावर मास्क काढतात, आणि विषाणूला तेवढी संधी पुरते. त्यामुळे विद्यार्थ्यांचे लहान गट करून त्याच गटाने एकत्र राहावे, जेवावे आणि प्रात्यक्षिके करावीत, अशी रचना उपयुक्त ठरते, कारण एखादा विद्यार्थी बाधित झाल्यास संपूर्ण वसतिगृहाऐवजी त्याच्या गटापुरतेच अलगीकरण, म्हणजे संपर्कात आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवणे, पुरेसे होते. १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या लसीकरणात आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थ्यांचाही समावेश झाल्याने या परतीला बळ मिळाले.

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेने हे सारे पुन्हा विस्कटले. विद्यापीठाच्या एप्रिलमध्ये होणाऱ्या परीक्षा जूनपर्यंत पुढे गेल्या. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने आंतरवासी डॉक्टरांना अध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडसेवेत घेण्यास, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्याच्या व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याच्या कामी घेण्यास आणि बी.एस्सी. व जीएनएम अर्हता असलेल्या परिचारिकांना पूर्णवेळ नेमण्यास मुभा दिली. १०० दिवस सेवा करणाऱ्यांना शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचेही जाहीर झाले. त्याच निर्णयाने पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा किमान चार महिने पुढे गेली. ती अखेर सप्टेंबरमध्ये झाली आणि पुढील प्रवेशप्रक्रियाही रखडली, त्यामुळे निवासी डॉक्टरांची नवी तुकडी वेळेवर आली नाही आणि आधीच थकलेल्या तुकड्यांवरच भार राहिला. परीक्षा पुढे ढकलणे हा शैक्षणिक निर्णय वाटतो, पण वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा परिणाम थेट वॉर्डातील मनुष्यबळावर होतो.

या अनुभवाचा उपयोग व्हायचा असेल तर प्रत्येक वैद्यकीय, आयुर्वेद, दंत आणि परिचर्या महाविद्यालयाकडे साथीचा लिखित आराखडा असला पाहिजे. आवाराची विभागणी कशी होईल, चाचणी कोठे होईल, कोणत्या वर्षाचे विद्यार्थी थांबतील आणि कोणते घरी जातील, थांबणाऱ्यांचा विमा, आहार, विश्रांती आणि मानसिक आधार यांची जबाबदारी कोणाची असेल, हुकलेली प्रात्यक्षिके कशी भरून काढली जातील आणि प्रत्येक रुग्णाची मोजणी कोण करील, याची उत्तरे त्यात असावीत, आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम व्हावी. नव्या महाविद्यालयांना मान्यता देताना त्यांच्याकडे आंतरवासी आणि निवासी डॉक्टर येईपर्यंतच्या वर्षांसाठी पर्यायी मनुष्यबळाची तरतूदही शासनाने केली पाहिजे. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे कोणालाही सांगता येत नाही, परंतु ती आल्यावर खानदेशातील रुग्ण याच इमारतींत येणार आणि याच वसतिगृहांतील मुले-मुली त्यांची सेवा करणार, हे निश्चित आहे. म्हणून या दोघांच्याही सुरक्षिततेची तजवीज साथ नसतानाच करून ठेवणे हे प्रत्येक अधिष्ठात्याचे, प्राचार्याचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.