मांजराचे बारसे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन प्रयोगांत एका मात्रेचा काय तो भेद आहे. अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. रस्त्यावरचे मांजराचे पिलू कुशीत घेऊन घरी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे दोन्ही येते. तो पिलाचे नाव ठेवतो आणि घरची वडील मंडळी त्याला नावे ठेवतात! आमच्या मते या प्रसंगी दोन्ही पक्षांनी थोडा विचार करणे अवश्य आहे. कारण नाव देणे म्हणजे एका जिवाचा भार आपल्या शिरावर घेणे होय.

पहिला प्रश्न असा की, ते पिलू खरोखर पोरके आहे काय? मांजर आपली पिले सात घरी हिंडविते, असे आपले लोक म्हणतात, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. जागा सुरक्षित वाटेनाशी झाली की आई एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडे नेते. अशा वेळी मागे राहिलेले पिलू टाकून दिलेले नसते. त्याची पाळी यावयाची असते. म्हणून पिलू धोक्याच्या जागी नसेल तर त्यास हात न लावता काही तास दूर उभे राहून पाहावे. पोट भरलेले पिलू स्वच्छ असते व निवांत झोपते. भुकेले पिलू सतत ओरडते, आणि अंगाला गार लागत असेल तर त्यास मदतीची तातडीने गरज असते.

दुसरा प्रश्न आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात अधिक महत्त्वाचा आहे. ते पिलू मांजराचेच आहे काय? धानाच्या बांधीत वा झुडपांत सापडणारे पिलू रानमांजराचेही असू शकते. रानमांजराच्या लहान पिलांच्या अंगावर पट्टे असतात आणि ती घरच्या मांजरासारखीच दिसतात. मोठेपणी पट्टे फिके होतात, पाय लांब दिसू लागतात व आखूड शेपटीचे टोक काळे राहते. बिबट्याचे बच्चेही प्रथमदर्शनी मांजर भासते. पण त्याचे पंजे जाड व अंग ठिपक्यांनी भरलेले असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये असे प्राणी घरी पाळता येत नाहीत. त्यांची आई बहुधा जवळपास असते आणि ती माणसाच्या जिवावर उठू शकते. तेथून मुकाट्याने दूर व्हावे आणि वनरक्षकास कळवावे. आपल्या महाराष्ट्रात उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची पिले वनखात्याने रात्री त्याच जागी पेटीत ठेवली आणि आई येऊन त्यांना घेऊन गेली, असे अनेक वेळा घडले आहे.

मग खऱ्याखुऱ्या पोरक्या वन्य पिलांचे काय? याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडनजीक हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता; गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ साली झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू पाहिले आणि ते शिकाऱ्यांकडून मागून घेतले. त्याचे नाव बबली ठेवण्यात आले. पुढे अस्वले, बिबटे, हरणे यांची पोरकी पिले येत गेली आणि प्राण्यांचे अनाथालयच उभे राहिले. तेथील नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले आहे. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. तेथील माडिया लोक भुकेपोटी शिकार करीत. आई मारली गेली म्हणूनच ती पिले पोरकी झाली होती. ज्याची आई जिवंत आहे त्या पिलास उचलून आणणे म्हणजे दया नव्हे, आपल्या हाताने त्यास पोरके करणे होय.

आता मांजराचेच पिलू असून ते खरोखर निराधार आहे असे ठरले, तर पुढील गोष्टी सांभाळाव्यात. प्रथम ऊब, मग अन्न. कारण गारठलेल्या पिलास दूध पचत नाही. गाईच्या दुधाने पुष्कळदा जुलाब होतात, म्हणून पशुवैद्यास विचारून पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटी द्यावी. पाजताना पिलास पोटावर ठेवावे, तान्ह्या बाळाप्रमाणे उताणे धरू नये. दूध श्वासनलिकेत जाते. अगदी लहान पिलास आपण होऊन मलमूत्र करता येत नाही. आई चाटून ते करविते. ते काम कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने करावे. महिन्याभराने मऊ शिजविलेले मांस वा मासळी सुरू करावी. मांजर मूळचे मांसाहारी आहे. नुसत्या दूधभातावर त्याचे डोळे व हृदय बिघडते. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचून घ्यावी. पिलू चावले वा ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. ही गोष्ट मुलांनी घरी लपवून ठेवू नये.

राहिले बारसे. नाव दोन अक्षरी व सुटसुटीत असावे आणि घरातील सर्वांनी तेच वापरावे. एकाने मनी, दुसऱ्याने चिंगी म्हटल्यास पिलू गोंधळते. अन्न देताना व कुरवाळताना ते नाव घ्यावे, रागावताना घेऊ नये. मांजरास आपले नाव कळते काय, याचा जपानमधील संशोधकांनी अभ्यास केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. घरात पाळलेली मांजरे आपले नाव तशाच इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात, असे त्यात आढळून आले. हाक ऐकून ती कान वा मान हलवितात. उठून येतीलच असे मात्र नाही!

मांजर सांभाळले तर बारा-पंधरा वर्षे जगते. आज सातवीत शिकणारा मुलगा ज्याचे नाव ठेवील, ते मांजर तो मिळवता झाल्यावरही दारात वाट पाहत असेल. पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या पुस्तकात, पशुपक्ष्यांना नावे देण्याचे काम देवाने मनुष्याकडे सोपविल्याचे सांगितले आहे. तो केवळ मान नव्हे, ते काम आहे. ज्यास ते इतकी वर्षे निभावता येईल, त्यानेच पिलास नाव द्यावे. आणि अशा मुलास वडील मंडळींनी नावे ठेवू नयेत.