प्रसिद्ध नावांची बाजारपेठ : परफ्यूमची कुपी आणि लवासा

प्रस्तावना :
अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांच्या नावाचे ‘व्हाइट डायमंड्स’ हे परफ्यूम १९९१ मध्ये बाजारात आले आणि दीर्घकाळ खपत राहिले. १९९९ मध्ये लता मंगेशकर यांच्या नावानेही परफ्यूम विक्रीस आले. सुगंधाचे मिश्रण कलावंत नव्हे, तर व्यावसायिक सुगंधतज्ज्ञ करतात. तरीही ग्राहक नावाला पैसे का मोजतो आणि नावाचे हे सामर्थ्य कोठवर पुरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कारणमीमांसा :
फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले : खरेदीपूर्वी पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. परफ्यूम मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते. दूरदर्शनवरील जाहिरातीतून गंध पोहोचत नाही. ती उणीव परिचित नाव भरून काढते. ग्रँट मॅक्रॅकन यांच्या १९८९ मधील मांडणीनुसार नामवंताच्या प्रतिमेतील अर्थ प्रथम वस्तूत आणि वस्तूतून ग्राहकाकडे संक्रमित होतो. शिवाय तारकेचे हिरे आवाक्याबाहेरचे असले, तरी तिच्या नावाची कुपी परवडते. भेटवस्तू निवडतानाही ओळखीचे नाव निर्णय सुकर करते.

लवासाचा संदर्भ :
मुळशी तालुक्यात वरसगाव जलाशयाच्या काठी उभारलेल्या लवासाच्या विक्रीमागे हेच तत्त्व दिसते. उभे राहायचे असलेले शहरही आधी अनुभवता येत नाही. म्हणून दासवे येथील रचनेस इटलीतील पोर्टोफिनोचे रूप देण्यात आले. गोल्फपटू निक फाल्डो, नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांची नावे नियोजित क्रीडा प्रकल्पांशी जोडली गेली. परंतु पर्यावरणीय परवानगी, पतपुरवठा आणि नागरी सेवा या बाबी नावाने सुटणाऱ्या नव्हत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले, २०११ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. घरासाठी पैसे गुंतवलेले अनेक ग्राहक त्यामुळे ताटकळले.

निष्कर्ष :
प्रसिद्ध नाव पहिली खरेदी घडविते. दुसरी खरेदी वस्तूच्या गुणावर ठरते. परफ्यूमच्या बाबतीत चुकीची किंमत एका कुपीएवढी असते. घराच्या बाबतीत दुसरी खरेदी बहुधा नसतेच आणि पणाला आयुष्यभराची बचत लागते. पुरेशी पडताळणी न करता दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २१ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि वस्तू जितकी महाग आणि अनुभव जितका दूरचा, तितकी नावापलीकडील कागदपत्रांची छाननी आवश्यक ठरते. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापनात हा भेद ठळकपणे मांडला जाणे इष्ट होय.