ईटहून मुंबई बघायला गेलात, तर रिक्षा गेटवेला नेणार नाही. मग ती नेते कुठं?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं ईट. इथं तीन चाकी गाडी म्हणजे ॲपे, कुणी म्हणतं टमटम. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही आणि भाडं माणशी ठरलेलं असतं. ईटचा माणूस पोराबाळांना घेऊन पहिल्यांदा मुंबई बघायला निघाला, की त्याच्या डोक्यात साधा हिशोब असतो. दादरला उतरायचं, बाहेर येऊन रिक्षाला हात करायचा आणि म्हणायचं, "चला, गेटवे ऑफ इंडिया."

पण दादर स्टेशनच्या बाहेर रिक्षाच नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या आहेत, बेस्टच्या बस आहेत, रिक्षा मात्र औषधाला सापडत नाही. सीएसएमटीला उतरलात तरी तेच.

कारण मुंबईत रिक्षाला हद्द आहे. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव, साधारण तिथपर्यंतच ती धावते. त्याच्या दक्षिणेला प्रवासी रिक्षाला बंदी आहे. म्हणजे माहीम, दादर, परळ, गिरगाव, कुलाबा हा सगळा पट्टा टॅक्सीचा. दाट वाहतूक आणि अरुंद रस्ते या कारणानं रिक्षा उपनगरातच ठेवल्या गेल्या. राज्याची राजधानी आहे, पण तिथली मंत्रालयापासून मरीन ड्राइव्हपर्यंतची सगळी प्रसिद्ध ठिकाणं रिक्षाच्या आवाक्याबाहेर आहेत.

आता यातली गंमत बघा. रिक्षा जिथं थांबते, जवळपास तिथंच जुन्या काळी मुंबई संपायची.

आपण ज्याला सरसकट मुंबई म्हणतो, ती मुळात दोन वेगळी प्रकरणं आहेत. दक्षिणेकडची सात छोटी बेटं म्हणजे मूळ मुंबई. 1661 मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबई इंग्रजांकडे आली. 1668 मध्ये राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. खाडीच्या उत्तरेला मात्र साष्टी नावाचं मोठं बेट होतं. वांद्रे, अंधेरी, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंतचा हा भाग. तो पोर्तुगीजांकडेच राहिला. पुढं 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला करून साष्टी ताब्यात घेतली ती थेट 1774 च्या अखेरीस. म्हणजे कुलाबा इंग्रजांकडे जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी बोरिवली त्यांची नव्हती.

या दोन बेटांना जोडायला पूर्वेला शिवेचा बांध झाला. पश्चिमेला माहीम आणि वांद्र्याच्या मधे लोक होडीनं खाडी ओलांडायचे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी त्यासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. या पुलावर लोकांकडून टोल घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. तेव्हा पुलावरून जायला टोल नको होता, आता रिक्षानं जायला परवानगी नाही. असो.

तर मुद्दा असा, की रिक्षानं मुंबई बघायची म्हणजे साष्टी बघायची. आणि वयाचा हिशोब लावला तर साष्टीच वरचढ ठरते. गेटवे ऑफ इंडिया बांधून झालं 1924 मध्ये. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल तिथल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी एक, ते 1718 चं. साष्टीतली लेणी मात्र दीड-दोन हजार वर्षं जुनी आहेत. 'मुंबई दर्शन'ची बस सहसा तिकडं वळत नाही.

सुरुवात अंधेरीतून करता येते. दादरहून लोकलनं अंधेरीला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि रिक्षावाल्याला "महाकाली केव्ह्ज" सांगायचं. अंतर पाचेक किलोमीटर. 1 फेब्रुवारी 2025 पासूनच्या दरानं रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 26 रुपये आणि पुढं किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. म्हणजे पाच किलोमीटरचे झाले साधारण 86 रुपये. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर थोडे जास्त. हे पैसे अख्ख्या रिक्षाचे आहेत, माणशी नाहीत. ॲपेच्या सवयीनं गेलेल्या माणसाचा नेमका इथंच गोंधळ होतो.

नाव महाकाली असलं तरी ही कोंदिवट्याची बौद्ध लेणी आहेत, एकूण 19. त्यातल्या नऊ नंबरच्या लेण्यात दगडात कोरलेली एक गोल खोली आहे आणि तिच्या आत स्तूप. वरून घुमटासारखी दिसणारी अशी खोली महाराष्ट्रातल्या लेण्यांत सहसा दिसत नाही. बाहेर अंधेरीतलं ट्रॅफिक आणि आत हे, असा मामला आहे.

तिथून जोगेश्वरीची लेणी रिक्षानं चारेक किलोमीटर. अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांच्या घरची कुलदेवी आहे, त्यांना नाव ओळखीचं वाटेल. हे साधारण सहाव्या शतकातलं प्रचंड मोठं शैव लेणं आहे. लांब मंडप, खांबांच्या रांगा, मधोमध गाभारा आणि देवीची रोजची पूजा. पण चारी बाजूंनी वस्ती इतकी चिकटलेली आहे, की बाहेरून लेणं आहे हे कळतही नाही. पावसाळ्यात आत पाणी झिरपतं. एवढ्या मोलाच्या वास्तूची ही अवस्था बघून राग येतो, आणि तो यायलाच हवा.

यापुढं रिक्षाचा मोह आवरा. जोगेश्वरीहून बोरिवलीपर्यंत हायवेनं रिक्षा जाते, पण मीटर पळतं. दहा किलोमीटर धरले तरी 171 रुपये. लोकल किरकोळ पैशात नेऊन सोडते. उपनगरातले लोकही रिक्षा अशीच वापरतात. लांबचा पल्ला लोकलनं, स्टेशनपासून पुढचा रिक्षानं. बऱ्याच स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाची रांग असते, तिथं मात्र भाडं माणशी असतं. म्हणजे हुबेहूब ईटची ॲपे.

बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. स्टेशनपासून गेटपर्यंत अंतर इतकं कमी, की रिक्षाचं कमीत कमी भाडं पुरतं, चालतही जाता येतं. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. गेटपासून कान्हेरी लेणी आत सहा-सात किलोमीटरवर आहेत. तिथं रिक्षा सोडायची आणि उद्यानाच्या बसनं जायचं.

या सगळ्या फेरीत एकच ठिकाण बघायला वेळ असेल, तर कान्हेरी बघा. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी. तीन नंबरच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या वीस फुटांहून उंच मूर्ती उभ्या आहेत. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकातलं मानतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ पाण्याचं टाकं आहे आणि पावसाचं पाणी टाक्यात आणायला कातळात पन्हळी कोरल्या आहेत. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्या भागातल्या माणसानं हे थोडं थांबून बघावं.

मराठवाड्याचा एक धागाही इथं सापडतो. सातवाहनांची राजधानी पैठण. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे तेव्हाचं तगर, व्यापाराची मोठी पेठ. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा माल पश्चिम किनाऱ्यावरच्या भडोच बंदरात जात असल्याची नोंद आहे. त्याच काळात कल्याण आणि सोपारा ही बंदरं कान्हेरीच्या आसपास गजबजलेली होती आणि व्यापाऱ्यांनी इथल्या लेण्यांना दान दिल्याचे लेख दगडावर आजही आहेत. घाटावरच्या माणसाचं कोकण किनाऱ्याकडं येणं-जाणं काही आजचं नाही.

अंगात दम उरला असेल तर बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वर. मूळचं शंकराचं लेणं, 16 व्या शतकात पोर्तुगीजांनी त्यातच चर्च केलं. वरती बांधलेल्या मठाचे अवशेष अजून उभे आहेत. लेण्यातल्या एका भिंतीवर मूर्ती तासून क्रूस कोरलेला दिसतो.

आता कामाच्या दोन-चार गोष्टी. रिक्षात तीनच प्रवासी बसवायला परवानगी आहे. सहा जणांचं कुटुंब असेल तर दोन रिक्षा लागतात, हिशोब आधीच करा. बसताना मीटरवर 26 दिसतायत ना, बघा. रात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त भाडं असतं. जवळचं भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे. तरी रिक्षावाले नाकारतात, ही मुंबईकरांची रोजची तक्रार आहे. वाद घालण्यापेक्षा पुढच्या रिक्षाला हात केलेला बरा. आणि गेटवे बघायचंच असेल तर टॅक्सी, बेस्ट किंवा लोकल हे तीन पर्याय आहेत. टॅक्सीचं कमीत कमी भाडं 31 रुपये आहे, दहा किलोमीटरला साधारण 207.

संध्याकाळ वांद्र्यासाठी ठेवा. पश्चिमेला स्टेशनबाहेरून रिक्षा करून बँडस्टँडच्या टोकापर्यंत जायचं. वाटेत नटांच्या बंगल्यांपुढं फोटो काढणारी गर्दी लागते. टोकाला पोर्तुगीजांनी 1640 मध्ये बांधलेला वांद्र्याचा किल्ला आहे. आता थोडीच तटबंदी उरली आहे, पण समोर 2009 मध्ये सुरू झालेला सी लिंक दिसतो आणि त्याच्या पलीकडं वरळीचे टॉवर. सी लिंकवरही रिक्षाला बंदीच आहे. किल्ल्यावरून परत स्टेशनला रिक्षानं यायचं. वांद्र्याहून हार्बर लाइनची लोकल थेट सीएसएमटीला जाते आणि बार्शीकडं नेणारी लातूर एक्सप्रेस तिथूनच रात्री सुटते.