१३४१ नंतर थेट १९२६

३१ डिसेंबर १३४१ च्या रात्री तुर्कस्तान झोपला आणि सकाळी उठला तो १ जानेवारी १९२६ रोजी! तिथल्या कायद्यातच तसं लिहिलं होतं. आपल्या पंचांगात शके चालतं तसा उस्मानी दप्तरात 'रूमी' सन चालायचा. मुस्तफा केमाल यांच्या नव्या प्रजासत्ताकाने तो सोडला आणि वर्षाचा आकडा एका रात्रीत ५८५ने वाढला. १९३५च्या कायद्याने १ जानेवारीला सुट्टीही मिळू लागली.

नव्या वर्षाच्या या सणाचं नाव 'यिलबाशी', शब्दशः वर्षाचं डोकं. दिव्यांनी सजलेलं झाड, लाल टोपीतला 'नोएल बाबा', ताटात टर्की; पाहणाऱ्याला वाटावं नाताळच चाललाय. पण बहुसंख्य मुस्लिम असलेल्या या देशात हा सारा थाट नव्या वर्षासाठी. आणि नोएल बाबा तरी परका कुठे? ज्यांच्यावरून तो घडला ते संत निकोलस चौथ्या शतकात मिराचे बिशप होते. मिरा म्हणजे आजचं देम्रे, तुर्कस्तानच्याच दक्षिण किनाऱ्यावरचं.

टर्कीची गंमत तर विलक्षण. पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी त्याला नाव दिलं तुर्कस्तानचं, तुर्कांनी आपलं! तुर्की भाषेत त्याला म्हणतात 'हिंदी'.

जेवणं झाली की पिशवीतून १ ते ९० मधले आकडे निघू लागतात. हातातल्या कार्डावरची एक ओळ भरली की 'चिंको', सगळं भरलं की 'तोंबाला!' सोसायटीत तंबोला खेळलेल्यांना हे शिकवावं लागणार नाही. 'तोंबाला' आणि 'तंबोला' हे दोन्ही शब्द एकाच इटालियन खेळाचे. त्याच रात्री राष्ट्रीय लॉटरीची मोठी सोडत असते. तिच्या तिकिटासाठी इस्तंबूलच्या एमिनोन्यू भागात, १९२८ पासूनच्या 'नीमेत आब्ला' या दुकानापुढे आधीचे कित्येक दिवस रांगा लागतात. आब्ला म्हणजे ताई.

मला सगळ्यात भावतो तो बाराच्या ठोक्याचा क्षण. अनेक घरांत कुणीतरी डाळिंब उचलून दाराशी जोरात आपटतं. साल फाटते, लालबुंद दाणे चहूकडे उडतात. जितके दाणे पसरतील तितकी वर्षभर घरात बरकत, असं मानतात. डाळिंबाला तुर्कीत 'नार' म्हणतात. दिवाळीत आपल्या अंगणात ठिणग्या उधळणाऱ्या अनाराचं नावही त्याच फारसी शब्दाचं.