भाभांचा काटा

सोनारीचा शेतकरी ज्वारीची पोती घेऊन बार्शीच्या आडतीवर गेला, की त्याची नजर आधी काट्यावर जाते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्यांनाही असाच काटा लागतो. टकरींतून नवे कण किती निघाले हे मोजता येतं, पण मुळात टकरी होण्याची संधी किती होती हे ठाऊक नसेल, तर त्या आकड्याला किंमत नाही.

हा काटा मुंबईच्या माणसानं दिला. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते, वय पंचवीस-सव्वीस. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले तर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतील, याचं सूत्र त्यांनी 1936 साली प्रसिद्ध केलं. दोघे एकमेकांजवळून वळून जातील, किंवा एकमेकांना संपवतील आणि नवी जोडी जन्मेल. या दोन्ही शक्यता त्यांनी एकाच हिशेबात धरल्या. जग याला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतं. अशा घटना मोजायच्या, सूत्राशी ताडायच्या, की काटा लागला.

सूत्र एका ओळीत मावतं. खरी डोकेदुखी त्याच्या दुरुस्त्यांची आहे. दोन कणांमध्ये एकाऐवजी दोन-तीन फोटॉनांची देवाणघेवाण होऊ शकते. 1940च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड फाइनमन यांनी आणलेल्या आकृत्यांत अशी घटना काढली, की बंद वळसा तयार होतो. त्या वळशात फिरणारा संवेग किती, याला बंधन नाही. म्हणून शक्य असलेल्या सगळ्या किमतींची बेरीज करावी लागते. हेच फाइनमन इंटिग्रल. वळसा वाढला की आकृत्याही भराभर वाढतात. उदाहरणार्थ, इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाच्या गणितात चार वळशांच्या 891 आणि पाच वळशांच्या 12,672 आकृत्या आहेत. त्यात यातली बरीच इंटिग्रल्स थेट अनंताकडे जातात! ’ट हूफ्ट आणि वेल्टमन यांनी 1972 साली वापरलेली युक्ती अशी, की अवकाशकाळाच्या मिती चार न धरता चारपेक्षा किंचित कमी धरायच्या. अनंत तेवढं बाजूला काढता येतं.

पुढची युक्ती बारावीच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल: ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’. चेतिर्किन आणि त्काचोव्ह यांनी 1981 साली दाखवलं, की या पद्धतीनं इंटिग्रल्समध्ये आपापसांत साधी रेषीय समीकरणं मिळतात. एक माहीत असेल तर दुसरं त्यातून काढता येतं. पुढे लापोर्ता यांनी 2000 साली ती समीकरणं क्रमानं सोडवत नेण्याची रीत बसवली. संगणकाला हजारो इंटिग्रल्स दिली, की शेवटी हातात मोजकीच उरतात. त्यांना ‘मास्टर इंटिग्रल्स’ म्हणतात.

ही मोजकीसुद्धा सरळ सोडवत नाहीत. टकरीची ऊर्जा किंवा कोन किंचित बदलला तर मास्टर इंटिग्रल किती बदलेल, असं विचारायचं. उत्तर येतं ते पुन्हा त्याच मास्टर इंटिग्रल्सच्या भाषेत. म्हणजे अवकल समीकरणांचा एक बंदिस्त संच मिळतो. सोप्या टोकाला किंमत माहीत असली, की तिथून पुढे चालत जायचं. योहानेस हेन यांनी 2013 साली सांगितलं, की मास्टर इंटिग्रल्स नीट निवडली तर हा संच फारच सुटसुटीत होतो. इंटिग्रेशन टाळून इंटिग्रल काढण्याचा हा उद्योग मला आधुनिक भौतिकीतला सर्वांत लबाड आणि सर्वांत देखणा वाटतो.

त्याच वर्षी हेन आणि स्मिर्नोव्ह यांनी ही रीत इलेक्ट्रॉनचं वस्तुमान न वगळता, दोन वळशांच्या भाभा स्कॅटरिंगमधल्या इंटिग्रल्सच्या एका गटाला लावली. पुढच्या गटावर दुर, स्मिर्नोव्ह आणि तँक्रेदी यांनी 2021 साली काम केलं. तिथे एक सोडून सगळी इंटिग्रल्स लॉगरिदमच्या विस्तारित कुटुंबात बसली. उरलेलं एक मात्र लंबवर्तुळाचा परीघ काढताना भेटणाऱ्या फलनांच्या गोतातलं निघालं.

एवढ्या खटाटोपाचं मोल कळायला जिनिव्हाजवळच्या सर्नमधला, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी घडवणारा ‘लेप’ हा कणवेगक पाहावा. 1989 ते 2000 या काळात तो चालला. त्यावरच्या ‘एल-3’ प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी होती. ती भाभांनीच 1945 साली उभारली. हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती, याचं लेपचं उत्तर 2.9840 होतं. तीनपेक्षा जरा कमी! चौथा हलका प्रकार नाही हे ठरलं, पण ती तूट खुपत होती. झोत एकमेकांना कसे ओढतात याचा हिशेब आणि भाभा स्कॅटरिंगचं सुधारित गणित धरल्यावर उत्तर 2.9963 झालं. म्हणजे चूक मोजमापाच्या काट्यात होती. भाभा स्कॅटरिंगच्या गणितातला क्वार्कांच्या वळशाचा भाग मात्र अशा इंटिग्रल्सनी सुटत नाही. तिथे मुख्यतः प्रयोगातली मोजमापं वापरतात.

या सुधारणेनंतर लेपच्या काट्यातली सैद्धांतिक अनिश्चितता 0.037 टक्के उरली. सर्नमध्ये आखणी सुरू असलेल्या पुढच्या वर्तुळाकार कणवेगकासाठी ती 0.01 टक्क्यापर्यंत उतरवण्याचं लक्ष्य आहे, आणि त्यासाठीची सगळी इंटिग्रल्स अजून झालेली नाहीत.